‘बाई, तुमच्या डोक्यात हे येतं तरी कुठून?’

(ओळख पटू नये म्हणून पत्रातले तपशील बदलले आहेत. पत्र सात पानी होतं, इथे त्याचा सारांश दिला आहे.)

मी ४३ वर्षांची, सांगलीतल्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. दिवाळीच्या आधी माझा पहिला कथासंग्रह आला. बारा गोष्टी आहेत आणि बाराही काळ्या. आईच्या प्रेताला अंघोळ घालताना तिच्यावरचा जुना राग आठवत बसलेली मुलगी. नवऱ्याची कवळी डबीत जपून तिच्याशी गप्पा मारणारी म्हातारी. पुरात वाहत आलेलं कुलूपबंद कपाट उघडायचं की नाही यावरून भांडणारे दोघे भाऊ. भूत एकाही गोष्टीत नाही. स्वतःच्या पैशांनी ५०० प्रती छापल्या. १७५ खपल्या, बाकीचे गठ्ठे दिवाणात आहेत.

प्रकाशनाला सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. महिन्याभरात सूर बदलला. शिक्षकखोलीत विचारतात, ‘बाई, तुमच्या डोक्यात हे येतं तरी कुठून? घरी सगळं ठीक ना?’ एका पालकाने तक्रार केली, तेव्हा मुख्याध्यापक ‘जरा सांभाळून’ एवढंच तोंडी म्हणाले. माझ्या एका गोष्टीत बायको नवऱ्याच्या आमटीत काहीतरी कालवते, तर मिस्टरांना ऑफिसात विचारलं गेलं, ‘जेवण चाखून मगच जेवता ना?’ घरी आल्यावर ते म्हणाले, ‘पुढचं काहीतरी चांगलं लिही.’ सासूबाईंनी ‘तिन्हीसांजेला हे समोर नको’ म्हणून पुस्तक कपाटावर टाकलं. परवा झटकायला काढलं, तर आठव्या गोष्टीत खूण म्हणून चष्म्याच्या दुकानाची पावती घातलेली. ऑनलाइन एकाने दोन चांदण्या दिल्या आहेत : ‘मुखपृष्ठावर कवटी, आत भीतीचा पत्ता नाही. पैसे वाया.’ जत तालुक्यातून एका अनोळखी बाईंचं पत्र मात्र आलं. अंघोळीची गोष्ट वाचून त्या दोन दिवस रडल्या आणि मग त्यांना बरं वाटलं.

हरिपूरच्या माझ्या काकूंनी त्यांची प्रत वर्तमानपत्रात गुंडाळून पुतण्याच्या हाती परत पाठवली. निरोप काही नाही. आमचे काका तीस वर्षांपूर्वी हळदीच्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात, गुदमरून गेले. माझ्या एका गोष्टीत पेवाच्या तोंडाशी बसलेली बायको आत सोडलेला कंदील विझताना बघते आणि नवऱ्याला थांबवत नाही. मी प्रसंग तेवढा घेतला, बाकी सगळं कल्पनेतलं.

उरलेल्या प्रती रद्दीत द्याव्यात का? पुढचं टोपणनावाने लिहावं का? की असलं लिहिणंच सोडावं? लोकांना अंधार सोसत नाही, हे मला आधी का कळलं नाही?

*

सप्रेम नमस्कार, बाई.

शिक्षकांची पत्रं मला आवडतात. अक्षर लागतं आणि समास सोडलेला असतो. तुमच्या समासात मी पेन्सिलने हिशेब मांडला. मुख्याध्यापकांवर अडीच पानं, त्या दोन चांदण्यांवर दीड पान, मिस्टरांवर एक. काकूंवर शेवटच्या पानाच्या तळाशी पाच ओळी. तुम्ही त्यांच्याकडे शेवटी आलात, म्हणून मीही शेवटीच येते. पण खरं उत्तर तिथेच आहे, हे आताच सांगून ठेवते.

आधी तुमचा तो शेवटचा प्रश्न. लोकांना अंधार सोसत नाही? सांगलीच्या लोकांना? १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी तुमच्याच गावात सीतास्वयंवराचा खेळ केला. त्या जमान्याच्या नाटकांत राक्षस आले की ‘अलल्लडुर्र’ करून असा आरडाओरडा करत की पोरं आईच्या पदराआड जात. आयाही घाबरत असणार, पण खेळ सोडून उठत नसत. गावात साठीच्या माणसाला विचारा, मुंजा कुठल्या पिंपळावर आणि हडळ कुठल्या विहिरीवर, तो पत्त्यासकट सांगेल. आणि भुताखेतांचं सोडा, दहाव्याला जमलेल्या बायकांच्या घोळक्यात बसा. शेवटचं पाणी कुणी पाजलं, डोळे कुणी मिटले, घशात घरघर किती वेळ होती, सगळं चहा पिता पिता सांगून होतं. तुमच्या बारा गोष्टींत यापेक्षा भयंकर काही असेल असं मला वाटत नाही.

मग लोक बिचकले कशाला? मुंजा नेहमी दुसऱ्याच्या पिंपळावर असतो. तुम्ही पिंपळ काढून टाकला, भूतही काढून टाकलं आणि अंधार नेऊन ठेवला मोरीत, आमटीच्या पातेल्यात, कवळीच्या डबीत. ही भांडी घरोघरी आहेत. त्यातून लिहिणारी बाई कोण, तर रोज सकाळी हजेरी घेणारी, वहीत ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका लाल करणारी. वाचणाऱ्याला गोष्टीची भीती वाटत नाही हो. उद्या ही बाई आपल्याकडे जेवायला आली तर आपलं काय काय बघून जाईल, याची वाटते.

आणखी एक, थोडं चिडून सांगते. रत्नाकर मतकरींनी मोठ्यांसाठी गूढकथा लिहिल्या, मुलांसाठी नाटकं लिहिली, आणि पहिली वीसेक वर्षं हे सगळं बँकेची नोकरी सांभाळून केलं. माणूस एकच. त्यांच्या बाबतीत लोक ‘काय कल्पनाशक्ती’ म्हणाले. बाईने लिहिलं की ‘घरी सगळं ठीक ना?’ यावर शिक्षकखोलीत व्याख्यान देऊ नका, तास बुडेल. एक उत्तर पाठ करून ठेवा. ‘डोक्यात कुठून येतं?’ असं कुणी विचारलं की म्हणायचं, ‘पेपर तपासताना.’ सगळे शिक्षकच आहेत, पटेल त्यांना.

मुख्याध्यापकांचं प्रकरण तुम्ही जेवढं मोठं केलंय तेवढं मला दिसत नाही. पालकाला तक्रार करायचा अधिकार आहे, त्याने ती केली. पुस्तक प्रौढांसाठी आहे, शाळेच्या आवारात तुम्ही ते विकलं नाही, वर्गात वाचलं नाही, बक्षीस म्हणून दिलं नाही, एवढं चार ओळींत लिहून द्या आणि पोच घ्या. तोंडी ‘सांभाळून’ला लेखी उत्तर दिलं की बहुतेक वेळा विषय तिथेच मिटतो. शाळा खाजगी असेल तर १९८१ची सेवाशर्ती नियमावली लागू असते, ती एकदा स्वतः वाचा. आपल्याकडे नियम ऐकीव असतात आणि भीतीही ऐकीव असते. एवढं करून दहावीच्या सराव परीक्षेच्या कामाला लागा.

मिस्टरांचं वेगळं आहे. ‘चांगलं लिही’ म्हणजे त्यांना तुमचं लिखाण वाईट वाटतं असा अर्थ तुम्ही काढलात. मला त्यात वेगळंच ऐकू येतं. त्यांना ऑफिसात हसू आणावं लागलं, आणि ते खोटं होतं. आमटीचा विनोद एकदा ठीक असतो. रोज झाला की माणूस डबा उघडताना इकडेतिकडे बघायला लागतो. त्यांना एवढंच विचारा, ‘अजून कोण कोण काय म्हणालं?’ आणि ते सांगतील तेव्हा मध्ये गोष्टीची बाजू मांडू नका. पुस्तकाचा पहिला मार बऱ्याचदा घरच्या माणसाला बसतो. लेखकाला निदान टाळ्या तरी मिळालेल्या असतात.

दोन चांदण्या देणाऱ्यावर तुम्ही दीड पान रागावला आहात. मला विचाराल तर सगळ्यांत उपयोगी प्रतिक्रिया त्याची आहे. जतच्या बाई सोडल्या, तर आलेल्या सगळ्या प्रतिक्रियांत पुस्तकाबद्दल बोलणारा तो एकटाच, बाकीचे सगळे तुमच्याबद्दल बोलतायत. त्याने कवटी बघून पैसे दिले. भयकथा घ्यायला आला आणि त्याला मिळाली मनाच्या तळाची गोष्ट. मिसळ मागितली आणि उपासाची भगर आली, तर भगर कितीही छान असली तरी माणूस चिडणारच. ती कवटी प्रकाशकाने घातली असं तुम्ही लिहिता. पैसे तुमचे होते, मुखपृष्ठ तुमच्यासमोर आलं होतं, तुम्ही हो म्हणालात. आता उरलेल्या प्रतींना एक कागदी पट्टी छापून गुंडाळा : ‘या पुस्तकात भूत नाही.’ खर्च फार नाही, आणि वाचक घेताना थबकेल ते वेगळंच.

त्याच्या बोलण्यात आणखी एक शक्यता आहे, तीही तपासून बघा. कदाचित काही गोष्टी खरंच जमलेल्या नसतील. बारा आहेत, बाराही जमायला पहिल्या पुस्तकात भाग्य लागतं. तुम्ही पाठवलेल्या प्रतीतून मी सगळ्या वाचल्या. अंघोळीची गोष्ट वाचून मी पुस्तक पालथं ठेवलं आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. कपाटाच्या गोष्टीत मात्र शेवट दीड पान आधीच झाला होता, पुढचं दीड पान तुम्ही मास्तरीणबाई म्हणून लिहिलंत. मोठ्याने वाचून दाखवलं की हे आपोआप कळतं. संक्रांतीला औदुंबरच्या साहित्यसंमेलनात जाऊन बसा, शक्यतो मागच्या रांगेत. ऐकणारे कुठल्या वाक्याला गप्प होतात आणि कुठे शेंगा सोलायला लागतात, ते बघत राहा.

टोपणनावाचं लवकर आटोपते. १९३३ साली विभावरी शिरूरकर या नावाने एक कथासंग्रह आला, तोही पहिलाच. त्यातल्या बायकांच्या मनातलं वाचून खळबळ उडाली, आणि गोष्टींइतकीच चर्चा ही बाई कोण याची झाली. पुढे मालतीबाई बेडेकर म्हणून महाराष्ट्राने त्यांना ओळखलं. तेव्हा त्या नावाआड लपण्याला कारण होतं, पण नाव झाकलं की वाचक गोष्ट सोडून नावाच्या मागे लागतो, हेही त्यातून दिसलंच. आणि आता, तेही सांगलीत? तुमचं टोपणनाव गणपतीच्या देवळापासून विश्रामबागेपर्यंत जायला आठवडा लागणार नाही.

रद्दीबद्दल एकच विचारते. ज्या गावाने २०१९च्या पुरात पुस्तकं चिखलात गेलेली पाहिली, त्या गावात ३२५ कोऱ्या प्रती किलोवर घालायच्या? जिल्ह्यातल्या वाचनालयांना दोन-दोन द्या. पण लगेच नको. तूर्त विक्री आणि वाटप दोन्ही थांबवा. का, ते आता सांगते.

काकू.

पेव म्हणजे काय, हे हल्ली हरिपूरच्याही पोरांना सांगावं लागत असेल. जमिनीत खोल खणलेलं, तोंड माणूस उतरेल एवढंच आणि आत पोट सुटत गेलेलं, रांजणासारखं. हळद भरायची, तोंडावर फरशी बसवायची, वर माती लिंपायची. आत हवा नाही म्हणून कीड नाही, हळद वर्षानुवर्षं टिकते. त्याच कारणाने माणूस मात्र टिकत नाही. म्हणून पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नसे. तोंड काही तास उघडं ठेवायचं, मग कंदील सोडायचा. विझला तर थांबायचं. २००५च्या पुरात पेवांत पाणी शिरलं, हळद गेली, आणि व्यापार गोदामांकडे वळला.

आता तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे, जी तुम्हाला ठाऊक आहे आणि बाकीच्या वाचकांना नाही. तुमच्या मूळ पत्रात पेव नव्हतं. हरिपूर नव्हतं. काकूही नव्हत्या, नातं दुसरंच होतं. माणूस कसा गेला, तेही वेगळं होतं. कुणीतरी थांबवायला हवं होतं अशी एक घडी मात्र होती, तेवढी मी ठेवली. हे सगळं बदलायला मला एक दुपार लागली. तरी तुमचा पेच जसाच्या तसा राहिला ना? उलट त्या कंदिलाने माझ्याच अंगावर काटा आणला. ही एक दुपार तुम्हालाही काढता आली असती. ‘प्रसंग तेवढा घेतला, बाकी कल्पनेतलं’ असं तुम्ही लिहिता. घ्यायचं नेमकं उलटं होतं.

मी हे शहाणपणाने सांगत नाही. पूर्वी दुसरीकडे हेच सदर चालवत असताना एका पत्रात मी फक्त गावाचं नाव बदललं होतं. पत्र लिहिणारीच्या जावेने सकाळच्या चहाला ते मोठ्याने वाचलं आणि चौथ्या ओळीला थांबली. त्या बाईंनी मला पुन्हा कधी लिहिलं नाही. तेव्हापासून मी ती एक दुपार चुकवत नाही.

घरातलं मरण गोष्टीत घ्यायचा लेखकाला हक्क आहे का? मी आहे म्हणेन. काका जसे काकूंचे होते तसे तुमचेही होते, तुम्हीही तेव्हा रडला असाल. पण काकूंच्या जागी बसून ती गोष्ट एकदा वाचून बघा. त्या दिवशी त्या पेवाजवळ नव्हत्याही, घरी भाकरी थापत होत्या. तीस वर्षं त्यांनी स्वतःला काय विचारलं असेल? मी सकाळी ‘आज नका जाऊ’ म्हटलं असतं तर? विधवा बाई हा प्रश्न कुणाला बोलून दाखवत नाही. तुमच्या गोष्टीने त्याचं उत्तर दिलं, छापून दिलं, आणि वाईटात वाईट दिलं. गावात ते वाचणाऱ्या दहाजणांना काका माहीत आहेत. पालकाची तक्रार, आमटीचा विनोद, दोन चांदण्या, या सगळ्यांना आवाज आहे म्हणून तुम्ही त्यांच्यासाठी पानं खर्च केलीत. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पुस्तकाला आवाज नव्हता.

म्हणून तुमचा प्रश्न मला थोडा फिरवावासा वाटतो. असलं लिहावं का, हे तुम्ही विचारताय. लिहा. जतच्या बाईंचं पत्र फ्रेम करू नका, पण टाकूही नका. आईवरचा राग तिच्या प्रेताशीही संपत नाही, हे त्यांना दुसऱ्या कुणी सांगितलं नव्हतं. एवढ्यासाठी तरी लिहा. मात्र कुणाचं लिहिलंय, हे छापायच्या आधी विचारायचं राहून गेलं. आपल्या जिल्ह्यात पदरमोड करून पहिलं पुस्तक काढणारे बरेच आहेत, त्यांनाही हे सांगते. मुद्रितं तपासायला देता ना, तशीच ती घरातलं सगळं ठाऊक असलेल्या एका माणसाला द्या. साहित्य कळलं नाही तरी चालेल. ‘हे अमक्याचं आहे’ एवढं त्याला ओळखता आलं पाहिजे. ओळखलं, तर पुढची दुपार तुमची.

आता काय करायचं? गोष्ट मागे घेणं शक्य नाही, १७५ घरांत ती गेली आहे. दुसरी आवृत्ती निघाली तर ती बदला. पेवाच्या जागी दुसरं काहीही आणा, तुमच्यासारखीला सुचेल. पण आवृत्तीची वाट बघत बसू नका. काकूंकडे जा. फोन नको. मोबाईलवर लांबलचक मेसेज तर नकोच, तो पुतण्याच वाचून दाखवेल. रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, एकट्या जा. पुस्तक नेऊ नका. ‘ती तू नव्हेस काकू, ते कल्पनेतलं आहे’ असं म्हणू नका, त्यात काळजी स्वतःचीच आहे. म्हणा, ‘काकू, छापायच्या आधी तुला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. चुकलं माझं.’ आणि गप्प बसा. वर्गात तुम्हाला ते जमत नसेल, तिथे जमवा.

त्या रागावतील, तर रागावू द्या. ‘झालं गेलं’ म्हणून चहा ठेवतील, तर त्याला माफी समजू नका, चहा प्या. कदाचित तीस वर्षांत पहिल्यांदा त्या दिवसाबद्दल बोलतील. बोलल्या तर मनातल्या मनातही टिपून घेऊ नका. मला तुमची हीच एक भीती वाटते, कारण तुम्ही चांगल्या लिहिता. पहिल्या खेपेला दारही नीट उघडलं नाही, तर आठ-पंधरा दिवस जाऊ द्या आणि तिळगूळ घेऊन पुन्हा जा. तो रथसप्तमीपर्यंत देता येतो. त्या खेपेला पुस्तकाचं नावही काढू नका.

ता. क. सासूबाईंची ती पावती आठव्या गोष्टीतून काढली असेल, तर होती तिथे परत घाला आणि पुस्तक पुन्हा कपाटावर ठेवा. त्यांच्या अजून चार गोष्टी वाचायच्या राहिल्यात.